केळीचे चार नमुने

आमच्या सरांना जगाच्या बातम्या महिना-दीड महिना उशिरा कळायच्या, आणि त्याही ओल्या.

ते पेपर घेत नसत असं नाही. तीन-तीन घेत. पण पेपर दारात पडला की तो न उघडता सर कॉलेजच्या गच्चीवर नेत, त्याच्या घड्यांत कुठलीतरी रोपं निजवत आणि वर लाकडी जाळीची फळी ठेवून पट्ट्यांनी आवळून टाकत. वनस्पतीचा नमुना सुकवायचा तर कागद रोज बदलावा लागतो. ओला झालेला कागद उन्हात टाकायचा, कोरडा घालायचा. या बदलाबदलीत सरांचं वाचन होई. त्यामुळे मंत्रिमंडळ पडून दुसरं उभं राहिलं तरी सर पहिल्याच मंत्र्यांवर चिडलेले असत. क्रिकेटच्या सामन्यांचा निकाल त्यांना कधीच कळला नाही, कारण खेळाचं पान ते गवतांना लावत, आणि गवतं लवकर सुकतात, त्यांचा कागद फारसा बदलावा लागत नाही. अग्रलेखाचं पान मात्र ते जपून ठेवत. जाड, रसाळ पानांची झाडं अग्रलेखातच चांगली सुकतात, असं त्यांचं मत होतं. "सगळी ओल शोषून घेतो," ते म्हणत, "आणि स्वतः कोरडा राहतो."

गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेलं भिंग. लोक ताईत घालतात तसं. ते शर्टाच्या आत असे आणि कशासाठीही बाहेर येई. हॉटेलात शेव आली की भिंग. एसटीचं तिकीट हातात पडलं की भिंग. एकदा प्राचार्यांनी बोलावून घेऊन कानउघाडणी केली, तेव्हा सरांनी त्यांच्या टेबलावरच्या फुलदाणीतलं फूल भिंगाखाली धरून मान डोलावली. प्राचार्यांना वाटलं, आपलं पटलं. फूल कागदाचं होतं, हे सरांनी आम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि कुठल्या पेपरचं होतं तेही.

आणि त्यांचा तो एकच प्रश्न. काहीही सांगायला जा, अर्ध्यावर तोडून विचारणार, "पाहिलंस की वाचलंस?"

माझी आणि त्यांची गाठ पडली ती एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी. मी असोद्याचा. जळगावच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालो, वनस्पतिशास्त्र घेऊन. मार्क बरे होते. गावात माझा सत्कार झाला, त्यात मला एवढा मोठा हार घातला की समोरचं काही दिसेना, आणि ते न दिसणं पुढे बरेच दिवस टिकलं. मी पुण्याला अर्ज केला. पुण्यानं माझ्यावाचून चालवून घ्यायचं ठरवलं. मग कळलं की धुळ्याच्या कॉलेजात नुकतेच एम.एस्सी.चे वर्ग निघालेत. मी मनात म्हटलं, चला, धुळ्यावर उपकार करू.

घरी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे काही पटलं नव्हतं. वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कारकुनाच्या जागेसाठी मी परीक्षा देऊन ठेवली होती आणि तिथून बोलावणंही आलं होतं. गणपती झाले की रुजू व्हायचं. सरकारी नोकरी, घरापासून हाकेवर.

"मले सांग," आबा म्हणाले, "केयीचं शिकाले धुयाले कायले जातो? अठी केयी कमी हाये?"

"आबा, तिथे शास्त्र शिकवतात."

"अठी काय शास्त्राबिगर उगते?"

त्यावर मी इंग्रजीत काहीतरी बोललो. आबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गनपतीलोग पाहू. नही जमलं तं वरनगाव." आबांचा शब्द म्हणजे बांधावरचा दगड. तो हलत नसे.

मुलाखतीला मी नवा टेरिलिनचा शर्ट घालून गेलो. शिपायानं गच्चीवर धाडलं. वर एक सडपातळ गृहस्थ पायजमा खोचून वर्तमानपत्रं वाळत घालत होते. मला वाटलं, हा गच्चीवरचा माणूस. मी जरा रुबाबात विचारलं, "ओ, हेड ऑफ द डिपार्टमेंट कुठे बसतात?"

त्यांनी एका फळीकडे बोट दाखवलं. "इथे. पण आत्ता तू बस."

फळीखाली पट्ट्यांनी बांधलेला पेपरांचा थप्पा होता. मी शेजारचं स्टूल ओढलं.

"स्टुलावर नको. फळीवर बस. नीट मध्यभागी."

बसलो. खाली काहीतरी करकरलं. सर वाकून थप्प्याची कड बघून आले आणि समाधानानं म्हणाले, "हं. वजन बरं आहे." माझी मुलाखत मी कुठल्यातरी झुडपावर बसून दिली. ती इतकी लांबली की मला वाटलं, आपली छाप पडलेली दिसते. नंतर जुन्या विद्यार्थ्यांकडून कळलं, त्या दिवशी थप्प्यात निवडुंग होता.

"कुठला तू?"

"असोद्याचा, सर."

"केळीचं खोड जमिनीवर असतं की जमिनीत?"

हे मला पाठ होतं. वर दिसतं ते खोड नव्हेच, ते पानांच्या देठांचं भेंडोळं. खरं खोड जमिनीखाली. मी इंग्रजीतून पुस्तकाचा सबंध परिच्छेद म्हणून दाखवला. आकृतीचा क्रमांकसुद्धा सांगितला.

"पाहिलंस की वाचलंस?"

"वाचलं, सर."

"घरी केळी आहे?"

"दोन मळे."

"कधी खणून बघितलंस?"

आता आमच्याकडे केळीची पिलं, म्हणजे बुडाशी फुटणारी रोपं, काढायला दरवर्षी खणावंच लागतं. खणून खणून माझ्या हाताला घट्टे पडले होते. मी वैतागून खरं तेच बोललो. "सर, खणलं पुष्कळ. बघितलं नाही."

सर पहिल्यांदा हसले. "हे बरं बोललास. कच्चा प्रवेश देतो. पक्का होईल की नाही ते गणपतीच्या आत ठरेल. आता उतर, दुसरा उमेदवार खाली थांबलाय, तो तुझ्यापेक्षा जाड आहे."

म्हणजे आबांची मुदत गणपती आणि सरांचीही गणपती. दोघांनी संगनमत केल्यासारखं.

पहिले काही आठवडे माझे कसे गेले म्हणाल, तर झोकात. मी वर्गात पहिल्या बाकावर बसे आणि सरांनी विचारायच्या आत उत्तर देई. ते उत्तर चुकलं तरी माझा आवाज पडत नसे. लळिंगच्या डोंगरावर पहिली सहल गेली तेव्हा बाकीचे पायाखालची गवतं गोळा करत होते. मी मात्र कड्याच्या टोकाशी चढून एक अपूर्व वनस्पती खाली आणली. पानं अशी की अर्धी आहेत, कडा करवतीसारख्या. असा आकार कुठल्याच पुस्तकात नव्हता. मी तिथल्या तिथे सगळ्यांना जाहीर केलं की ही जात बहुधा अजून नोंदलेली नाही. नाव काय ठेवावं याचाही विचार झाला होता. असोदा त्यात कुठेतरी यायला हवं होतं.

सरांनी भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "ही तुझ्याआधी एका बकरीनं ओळखली होती. म्हणून तर अर्धी खाल्ली."

ती कड्यावरची बकरी त्या महिन्यात कॉलेजभर माझ्या नावाशी जोडली गेली. पण मी खचणाऱ्यातला नव्हतो. मी म्हणे, बकरीचं आणि माझं एकमत होतं, हे काय कमी आहे?

मग सरांनी एक अट घातली. "ज्या गावचं अन्न खाऊन इथवर आलात, त्या गावचं मुख्य पीक आधी कागदावर आणा. मूळ, पान, फूल, सगळं. मला दाखवा, तोंडी समजावून द्या, मग प्रवेश पक्का. आणि नमुना म्हणजे एक नव्हे, चार. एक आपल्याला, एक विद्यापीठाला, एक किडीला आणि एक हरवायला."

वर्गातला शिरपूरचा मुलगा कापसाचं झुडूप घेऊन आला आणि दोन दिवसांत मोकळा झाला. चोपड्याच्या मुलीनं भुईमूग शेंगांसकट असा मांडला की जणू रांगोळी. साक्रीच्या एकानं बाजरीचं कणीस कागदावर आडवं ठेवलं आणि सुपारी कातरत बसला. उरलो मी. माझं पीक माझ्यापेक्षा उंच, पान धोतरापेक्षा लांब, आणि कागद होता हातभर.

"सर, केळ कागदावर कशी मावणार?"

"तो केळीचा प्रश्न नाही," सर म्हणाले, "तुझा आहे."

शेवटी मुदत संपायच्या आदल्या दिवशी मी असोद्याहून निघालो. आबांनी कुरकुरत का होईना, पण निवडून चार पिलं मुळांसकट खणून दिली. दोन अख्खी पानं गुंडाळून सुतळीनं बांधली. आणि एका घडाखालचं मोठं जांभळं केळफूल कापून माझ्या हाती दिलं. जळगावला धुळ्याची एसटी पकडली. पिलं टपावर गेली, पानं आडवी मधल्या वाटेत, आणि फूल माझ्या मांडीवर.

गाडी हलते न हलते तोच कंडक्टरनं विचारलं, "पूजा कोना घर शे, भाऊ?"

"पूजा नाही. कॉलेजचं आहे हे."

"कॉलेजमा सत्यनारायण शे का?" मागून एका पागोटेवाल्यानं विचारलं.

मी उभ्या-उभ्या समजावून दिलं. हे वनस्पतिशास्त्र. याचा नमुना करायचा. सुकवून कागदावर लावायचा. गाडीभर लोक माझ्याकडे दयेनं बघत राहिले. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "चांगला घरना पोऱ्या दिखस." तेवढ्यात गाडी एरंडोलला थांबली, नवी गर्दी चढली आणि दारातूनच कोणीतरी म्हणालं, "सरका हो, सरका, देवनं सामान शे." लोक सरकले. मला खिडकीची जागा मिळाली. पानांवर कोणी पाय देऊ नये म्हणून पागोटेवाल्यानं स्वतःचे पाय वर घेतले.

तिथून पुढे मी शास्त्र सांगणं बंद केलं. एरंडोलपर्यंत मी विज्ञानाच्या बाजूला होतो. एरंडोलनंतर सत्यनारायण मान्य केला, कारण त्यात बसायला मिळत होतं.

"कोणती गल्ली?" पुढच्या बाकावरच्या एका बाईनं वळून विचारलं.

"पाचवी," मी ऐटीत म्हणालो. "आमच्या अक्कांकडे."

अक्का म्हणजे माझी घरमालकीण. तिच्या अंगणाकडेच्या खोलीत मी राहत असे. बाईचे डोळे बारीक झाले. "अक्कानी माले नही सांगं," ती म्हणाली आणि पुढे तोंड करून बसली. मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

धुळ्याला उतरलो, पिलं अंगणातल्या हौदात उभी केली, पानं-फूल सावलीला ठेवलं आणि दुपारच्या प्रॅक्टिकलला पळालो. सरांनी विचारलं, "आणलंस?" मी म्हणालो, "आणलंय, सर. चार नमुने. उद्या सकाळी हजर." त्या दिवशी मी किती ताठ चालत होतो ते मला अजून आठवतं.

संध्याकाळी परत आलो तर गल्लीच्या तोंडापासून चपला. अंगणात सडा, रांगोळी, समया. मधोमध चौरंग, आणि चौरंगाच्या चार पायांना बांधलेली माझी चार पिलं, मुळं धुऊन स्वच्छ केलेली, झेंडूच्या माळा घातलेली. भटजी शेवटच्या अध्यायात होते.

अक्का मला बघून अशी धावली की मला वाटलं, आता पाया पडते. "भाऊ, देवनी धाडं रे तुले. मन्हा नवसना सत्यनारायण बराच दिनफाइन राहेल व्हता. बठ्ठं गाव हिंडनू, केळना खांब भेटेना. आनि दुपारले ती चौथी गल्लीनी उनी, म्हणे, तुन्हा घर पूजा शे आनि माले आवतन नही? मी म्हनं, कसानी पूजा? म्हणे, तुन्हा भाडेकरू खांब लई उना. मी अंगणमा देखं, ते खरंच!"

म्हणजे नवस अक्काचा, पण आमंत्रणं माझी गेली होती. चौथी गल्ली, म्हणजे एसटीतली ती बाई, तर आलीच होती. कोपऱ्यात मला तो पागोटेवालाही दिसला. त्यानं मला ओळखीचा नमस्कार केला.

मी पानं शोधली. पंगत मांडली होती, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात माझ्या पानाचा एकेक तुकडा. मी फूल शोधलं. ते कुठेच नव्हतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या. काकू म्हणजे सरांच्या बायको. सरांचं घर त्याच गल्लीत. पूजा म्हटल्यावर त्या मदतीला आल्या होत्या. त्या माहेरच्या रत्नागिरीकडच्या. त्यांच्या हातात पातेलं होतं आणि डोळ्यांत पाणी.

"तू आणलंस ना हे?" त्या म्हणाल्या. "लग्न होऊन या कोरड्या गावात आले, तेव्हापासून केळफूल दृष्टीस पडलं नव्हतं रे. दुपारपासून ताकात घातलं होतं. सगळं चिरलं. आतलं एकही फूल वाया नाही घालवलं."

या बाईला मी काय बोलणार? मी म्हणालो, "छान वास येतोय, काकू." आणि त्याच वेळी सर आले, हातपाय धुतले, आणि नेमके माझ्या शेजारी पानावर बसले.

वाढणं सुरू झालं. वरण-बट्टी, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, कढी. मग काकूंनी सरांच्या पानात ती दुसरी भाजी वाढली. सरांनी एक घास उचलला, तोंडाशी नेला, थांबवला. भिंग बाहेर आलं.

"हे काय आहे?"

"केळफूल. जेवा मुकाट्यानं."

"धुळ्यात?"

काकूंनी पळी माझ्याकडे केली. सरांनी माझ्याकडे बघितलं. मग पुढ्यातल्या पानाकडे. मग चौरंगाकडे, एकेका कोपऱ्यावर नजर थांबवत. "चारही आहेत," ते म्हणाले. "मोजून आणलेले दिसतात."

"सर, मी पहाटेच्या गाडीनं पुन्हा जातो."

"आणि येईस्तोवर? मुदत उद्याची आहे. उद्या विद्यापीठाला नावं जाणार." घास अजून त्यांच्या हातातच होता. "आत्ता सांग. तोंडी. मी खातोय ते काय आहे, ते मला समजावून दे. पुस्तकातलं एक वाक्य आलं की तिथे थांबायचं."

मला आठवतं, त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे वरणगावच्या कारखान्याचं फाटक उभं राहिलं, आणि फाटकात आबा. मी घसा साफ करून सुरुवात केली, "द इन्फ्लोरेसन्स ऑफ..."

"थांब."

कोणीतरी हसलं. बहुधा चौथी गल्ली.

"सर, पोऱ्याले जेऊ द्या आधी," अक्का म्हणाली. "कढी थंडी व्हई राह्यनी."

"अक्का, हा जेवला काय आणि न जेवला काय, सारखंच आहे. याचं पोट कढीवर नाही भरायचं आज. हं, बोल."

मी डोळे मिटले. पुस्तक आठवायचं नाही म्हटल्यावर दुसरं काय आठवणार? एसटी आठवली.

"एरंडोल सुटल्यावर ऊन खिडकीतून थेट फुलावर आलं, सर. मग बाहेरची जांभळी पाकळी..."

"पाकळी नव्हे ती. पण चालू दे."

"...ती सैल झाली. आधी टोकाकडून नाही, बुडाकडून. हळूहळू वर उचलली गेली, छपराला टेकू दिल्यासारखी. बाहेरून तिच्यावर पांढुरकी भुकटी आहे, बोट लावलं की पुसते. आतून लाल, गुळगुळीत. आणि तिच्याखाली लहान पिवळट फुलं, ओळीनं."

"ओळी किती?"

"दोन."

"नक्की?"

"दोन, सर. पण समोरासमोर नाहीत. पुढच्या दोघांच्या फटीतून मागचं एक डोकावतं. पंगतीत मागे बसलेलं पोर डोकावतं तसं."

"मध?"

"आहे. माझ्या पँटवर आहे."

"चाखलास?"

"शेजारच्या म्हातारीनं चाखला. मग मीही. घट्ट आहे, काकवीसारखा तार धरतो, पण गोडी फिकी. पारोळ्याला गाडी उभी होती तेव्हा खिडकीतून माश्या आल्या. बाकी सगळं फूल सोडून त्या उघडलेल्या पाकळीखालीच शिरल्या. मिटलेल्यांवर एकही बसली नाही."

"केळीला बी धरत नाही. माशी आली काय, न आली काय, फळ धरतंच. मग हा मध कोणासाठी?"

मी डोळे उघडले. सगळी पाचवी गल्ली माझ्याकडे बघत होती. इतके आठवडे मी या माणसाला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. येत असो वा नसो. "माहीत नाही, सर," मी म्हणालो. "पण विचित्र आहे खरं. घरी गेलो की घडातली फुलंही बघायला हवीत. त्यांत मध असतो का, तेच मी कधी बघितलं नाही."

सरांनी तो घास खाल्ला. सावकाश चावला. काकूंकडे बघून म्हणाले, "मीठ बरोबर आहे." मग अक्काला म्हणाले, "अक्का, या मुलाची खोली दोन वर्षं दुसऱ्या कोणाला देऊ नका."

मला ते कळायला जरा वेळ लागला. काकूंना लगेच कळलं. त्यांनी माझ्या बट्टीवर तुपाची धार सोडली, ती थांबवलीच नाही.

पण सरांचं संपलं नव्हतं. जेवणं झाली, लोक रिवाजाप्रमाणे पानं दुमडू लागले, तसे सर उठून उभे राहिले. "कोणी पान दुमडू नका." पंगत तशीच बसली. सर वाकून एकेक पान भिंगानं बघत पंगतीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आपल्या जागी आले. "शिरा सगळ्यांत चांगल्या माझ्याच पानाच्या आहेत."

"सर, ते उष्टं शे," अक्का कळवळून म्हणाली.

"धुतो की."

त्यांनी ते हौदावर नेऊन स्वतः धुतलं, खांद्यावरच्या पंच्यानं टिपलं आणि गल्लीतून हातात धरून घेऊन गेले. चौरंगाची पिलं भटजींनी उत्तरपूजा झाल्यावर मला परत दिली. त्यांतल्या एकाचा उभा काप, मुळं आणि सरांचं पान, असा तो केळीचा नमुना कागदावर चिकटून कॉलेजात लागला. पान हळदीनं जरा पिवळं होतं. खालच्या चिठ्ठीवर गोळा करणाऱ्याचं नाव माझं, आणि 'स्थानिक उपयोग' या रकान्यात सरांनी आपल्या हातानं लिहिलं: यावर जेवतात. मी जेवलो आहे.

सरांचं झालं, तरी आबांचं राहिलंच होतं. मी घरी कळवलं होतं की प्रवेश पक्का झाला. आबांना माझ्या कळवण्याचा अनुभव होता. त्यामुळे गणपती बसायच्या आधी ते स्वतः धुळ्याला आले, खांद्यावर एक मोठा घड घेऊन, आणि थेट कॉलेजच्या गच्चीवर. सर कागद बदलत होते. आबांनी घड खाली ठेवला, टोपी नीट केली.

"मास्तर, एक इचारू? हे पोरगं पास व्हईन का?"

"सांगता येत नाही," सर म्हणाले.

"मंग पुढे नोकरी भेटीन?"

"तेही सांगता येत नाही."

आबांनी माझ्याकडे बघितलं. आता झालं, असं माझ्या मनात आलं. खोटं बोलायला सरांचं काय जात होतं?

"वरनगावले कायम जागा हाये, मास्तर. पेन्शन हाये."

"मग पाठवा की," सर एक ओला कागद झटकत म्हणाले. "माझी ना नाही. फक्त एक सांगून ठेवतो. या मुलाला मी एक सवय लावलीय. समोर काही आलं, की ते उघडून आत काय आहे ते बघितल्याशिवाय याला राहवत नाही आता. तिकडे दारूगोळा करतात म्हणे. तिथे ही सवय बरी का वाईट, ते तुम्हीच बघा."

मी कारकून होणार होतो. दारूगोळ्याशी माझा संबंध आला असता तो हजेरीपटापुरता. पण हे सांगायची ती वेळ नव्हती, आणि सांगायला तोंडही उरलं नव्हतं; कारण मी त्या वेळी खाली उकिडवा बसलो होतो, आबांनी आणलेल्या घडाच्या टोकाशी वाळून राहिलेलं एक फूल नखानं उकलत, आत मधाची काही खूण आहे का ते बघत. आबांनी माझ्या नखांकडे बघितलं, टोपी काढून पुन्हा घातली. बहुधा त्यांच्या डोळ्यांपुढे वरणगाव उभं होतं, आणि मी तिथे असाच उकिडवा.

"मंग ठेवा तुमच्यापाशीच," ते शेवटी म्हणाले. जिना उतरायला लागले, दोन पायऱ्यांवर थांबले आणि वळून सरांना म्हणाले, "आनि मास्तर, तो घड खायाले आनला हाये. पेपरात घालून वायवू नका."